प्रश्न विचारायला शिकवणारे पुस्तक

ऑगस्ट उजाडला, की कोल्हापुरातल्या महाविद्यालयांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक वेगळाच हंगाम सुरू होतो. तालमींची पोरे गणपतीच्या वर्गणीला बाहेर पडलेली असतात आणि त्याच सुमारास घराघरांत प्रकल्पाच्या फायलींची घाई उडते. ‘महापुराचे परिणाम : एक अभ्यास’, ‘कोल्हापुरी चप्पल व्यवसाय : एक अभ्यास’, ‘गूळ उद्योगाच्या समस्या : एक अभ्यास’. शीर्षकातला ‘एक अभ्यास’ कधी चुकत नाही. आत प्रमाणपत्र, ऋणनिर्देश, मग इकडून तिकडून उतरलेली आठ-दहा पाने, दोन रंगीत आलेख आणि शेवटी ‘शासनाने याकडे लक्ष द्यावे’ हे निष्कर्षाचे ठरलेले वाक्य. फायलीला स्पायरल बायंडिंग झाले, की घरातली सगळीच मंडळी एकदाची सुटतात.

प्रकल्प ही गोष्ट आता मोजक्या हौशी विद्यार्थ्यांपुरती राहिलेली नाही. पर्यावरणाच्या सक्तीच्या विषयाबरोबर ती पदवीच्या वर्गांत आली. पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार जो नवा आराखडा राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आला, त्यात क्षेत्रीय प्रकल्प, लोकांमध्ये जाऊन करायचे काम आणि चौथ्या वर्षापर्यंत जाणाऱ्यांसाठी संशोधन प्रकल्प यांना स्वतंत्र श्रेयांक मिळाले. म्हणजे कला शाखेतला, वाणिज्य शाखेतला, खेड्यातून एसटीने येणारा प्रत्येक मुलगा आणि मुलगी कधी ना कधी वही घेऊन कुणाच्या तरी दारात उभी राहणार. त्या दारात काय विचारायचे, हे तिला शिकवायचे कुणी? अर्थातच गुरुजनांनी आणि पुस्तकाने. गुरुजनांचे आपण पुढे पाहू. आज पुस्तकाविषयी बोलायचे आहे.

मी अर्थशास्त्र शिकवतो. गेल्या वर्षी आमच्या ग्रंथालयाला प्रकल्पासाठी ‘संशोधन पद्धती’चे पुस्तक ठरवायचे होते. पैसे मर्यादित. ग्रंथपालबाई, भूगोलाचे सर आणि मी अशी तिघांची समिती नेमली गेली. एका पुस्तकाच्या तीस प्रती घ्यायच्या, एवढेच ठरवायचे होते. पण त्यासाठी आम्ही पंधरा दिवस वाद घातला. या वादात प्रत्येक पालकाला उपयोगी पडतील अशा काही गोष्टी निघाल्या, म्हणून हा लेखनप्रपंच.

टेबलावरची पुस्तके

पहिल्याच दिवशी एक विक्रेता येऊन गेला. त्याने आणलेल्या गाइडात संशोधन पद्धतीचे पंधरा पानी टिपण होते आणि पुढे तयार प्रकल्पच छापले होते. “सर, गावाचं नाव तेवढं बदलायचं, बाकी सगळं रेडी हाय,” तो अगदी मनापासून सांगत होता. त्यात त्याचा दोष नाही. मागणी असते तोच माल बाजारात येतो.

त्याच्या शेजारी सी. आर. कोठारी यांचे ‘रिसर्च मेथडॉलॉजी’ होते. १९८५ साली पहिल्यांदा निघालेले हे पुस्तक भारतातल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले आहे. नमुना निवडीपासून काय-वर्ग चाचणीपर्यंत सगळे त्यात शिस्तीने सापडते. त्याच्या पलीकडे रणजित कुमार यांचे १९९६ साली आलेले ‘पायरीपायरीने’ शिकवणारे इंग्रजी पुस्तक. ऑस्ट्रेलियात अध्यापन करणाऱ्या या लेखकाने संशोधनाच्या आठ पायऱ्या केल्या आणि नवशिक्याचा हात धरून त्याला एकेक पायरी चढवली. मराठीतली पुस्तकेही होती : पु. ल. भांडारकरांचे ‘सामाजिक संशोधन पद्धती’, प्रदीप आगलावे यांचे ‘संशोधन पद्धतीशास्त्र व तंत्रे’. लेखनाच्या शिस्तीसाठी स. गं. मालशे यांचे ‘शोधनिबंधाची लेखनपद्धती’ हे छोटेखानी पुस्तक ग्रंथपालबाईंनी कपाटातून काढून आणले. एका सहकाऱ्याच्या घरून उंबेर्तो एको या इटालियन लेखकाचे प्रबंधलेखनावरचे पुस्तकही आले. मूळ इटालियन १९७७ चे, इंग्रजीत मात्र ते २०१५ साली आले.

एकोच्या पुस्तकातला एक भाग मला फार आवडतो. हाताशी पैसा नाही, मोठे ग्रंथालय जवळ नाही, अशा विद्यार्थ्याचे काय, हा प्रश्न तो टाळत नाही. आलेस्सांद्रिया या आपल्या गावच्या ग्रंथालयात तो स्वतः जाऊन बसतो आणि काही दुपारींत एखाद्या विषयाची संदर्भसूची कशी उभी राहते, हे करून दाखवतो. आपल्या करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० सालची. तिथे एखाद्या विद्यार्थ्याने चार दुपारी अशा घालवल्या, तर गुळावर, तालमींवर, पंचगंगेवर त्याच्या आधी कुणी काय लिहून ठेवले आहे, हे त्याला कळेल. पण तसे करायचे असते, हे आधी कुणीतरी सांगायला हवे.

गृहीतक की गृहीतकृत्य?

वाद पेटला तो भाषेवरून. भूगोलाच्या सरांचे म्हणणे, “पुढं नेट-सेटला इंग्रजीच लागतंय. आत्तापासून सवय लागू दे.” ग्रंथपालबाई म्हणाल्या, “सर, इंग्रजी पुस्तक घेऊन जातात आणि जसंच्या तसं परत आणून देतात. पानं कोरी करकरीत असतात हो.”

दोघांचेही खरे होते. मराठी पुस्तकांची एक अडचण आहे आणि ती लपवून चालणार नाही. एकाच कल्पनेला आपल्याकडे चार-चार शब्द आहेत. इंग्रजीत ज्याला ‘हायपॉथेसिस’ म्हणतात, त्याला कुणी परिकल्पना म्हणतो, कुणी गृहीतकृत्य, कुणी अभ्युपगम, तर कुणी सरळ गृहीतक. शिक्षणशास्त्राच्या पुष्कळ प्रबंधांत मात्र ‘गृहीतके’ म्हणजे आपण मानून चाललेल्या गोष्टी आणि ‘परिकल्पना’ म्हणजे आपण तपासणार असलेले विधान. आता मुलाने दोन पुस्तके वाचली, की तो गोंधळणारच. आणि हा गोंधळ नुसत्या शब्दांचा नसतो. ‘गावातल्या दूध संस्थेच्या नोंदी खऱ्या आहेत’ हे मी मानून चालतो, ते तपासत नाही. ही झाली मानलेली गोष्ट. ‘ज्या घरात म्हशींचे काम बाईकडे असते, त्या घरात दुधाच्या पैशांवरही तिचाच हक्क चालतो’ हे मी तपासणार आहे आणि ते खोटेही ठरू शकते. जे खोटे ठरण्याची शक्यताच नाही, ते लिहून काय उपयोग? ‘पुरामुळे लोकांचे नुकसान होते’ हे सिद्ध करायला प्रकल्प कशाला हवा?

हा फरक जे पुस्तक दोन परिच्छेदांत साध्या उदाहरणाने समजावते, ते चांगले. जे सहा विद्वानांच्या सहा व्याख्या देऊन थांबते, ते परीक्षेला चालेल. पण मुलाला दारात उभे करणार नाही.

मराठीच्या बाजूने माझा मुद्दा वेगळा होता. मुलाने पुस्तक कोणत्याही भाषेत वाचावे, पण तो प्रश्न विचारणार मराठीत. ज्यांना विचारणार, त्या मावशी आणि ते काका मराठीत, तेही आपल्या कोल्हापुरी मराठीत उत्तर देणार. इंग्रजी पुस्तकातली प्रश्नावली भाषांतरित केली, की ‘आपण आपल्या जीवनमानाबाबत कितपत समाधानी आहात?’ असले वाक्य तयार होते. शेणाने हात भरलेल्या बाईला हे विचारले, तर ती म्हणणार, “बरं चाललंय की बाबा.” मग त्या उत्तरापुढे विद्यार्थी ‘पूर्ण समाधानी’ अशी खूण करणार आणि आलेखात हिरवा रंग भरणार.

तीन पानांची परीक्षा

शेवटी आम्ही एक युक्ती केली. पुस्तके पूर्ण वाचून काथ्याकूट करण्यापेक्षा प्रत्येकातली तीनच पाने वाचायची. ही परीक्षा कोणालाही घेता येईल, म्हणून सांगतो.

पहिले पान विषय निवडीचे. ‘गूळ उद्योगाच्या समस्या’ या भल्यामोठ्या गोण्यातून एक मूठभर प्रश्न कसा काढायचा, हे पुस्तक दाखवते का? आपल्या तालुक्यातल्या एका गावातली गुऱ्हाळे का बंद पडली आणि जी चालू आहेत ती कशाच्या जोरावर, असा प्रश्न काढला, तर मुलगा महिन्याभरात उत्तर शोधू शकतो. पाहायची गुऱ्हाळे मोजकी, माणसे ओळखीची, आणि उत्तर आधी ठाऊक नसलेले.

दुसरे पान नमुना निवडीचे. कुणाला विचारायचे आणि कुणाला विचारले नाही तर घोटाळा होईल, हे तिथे यायला हवे. याची जगप्रसिद्ध गोष्ट १९३६ सालची. ‘लिटररी डायजेस्ट’ या अमेरिकन साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून अधिक उत्तरे आली. त्यावरून त्यांनी लँडन जिंकणार असे भाकीत केले आणि प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते घेतले होते टेलिफोनच्या आणि मोटारींच्या याद्यांतून. त्या मंदीच्या काळात ज्यांच्याकडे दोन्ही नव्हते, त्यांचा आवाज कमी पडला. शिवाय उत्तर पाठवण्याची तसदी घेणारेही एका विशिष्ट मताचे जास्त होते. संख्या मोठी असली म्हणजे उत्तर खरे असे नाही.

ही चूक आज आपली मुले रोज करतात. गूगल फॉर्म तयार करतात आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. ‘शेतकऱ्यांच्या समस्या’ या फॉर्मला शंभर उत्तरे येतात. त्यातले शेतात किती जण जातात, हे देव जाणे. चपलेचेच घ्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. असे असताना विद्यार्थी चप्पल लाईनमधल्या दहा दुकानदारांना भेटतो आणि कारागिरांच्या स्थितीवर निष्कर्ष काढतो. विकणारा वेगळा, शिवणारा वेगळा. २०१९ आणि २०२१ च्या पुराचेही तसेच. पूर ओसरल्यावर जे परत आले, तेच आपल्याला भेटतात. भाड्याची खोली सोडून जे कायमचे निघून गेले, त्यांचे नुकसान आपल्या तक्त्यात येतच नाही. चांगले पुस्तक ही जाणीव जागी ठेवते.

तिसरे पान प्रश्नांच्या शब्दरचनेचे. एका प्रश्नात दोन प्रश्न नकोत, उत्तर सुचवणारा प्रश्न नको, ज्याचे उत्तर शेजारी सासू बसली असताना देता येणार नाही असा प्रश्न तर नकोच नको. हे पान ज्या पुस्तकात नाही, ते आम्ही बाजूला ठेवले.

भूगोलाच्या सरांनी त्यात आपली एक कसोटी घातली : सप्रमाणता आणि विश्वसनीयता यातला फरक पुस्तक कसा सांगते? ते स्वतः वर्गात वजनकाट्याचे उदाहरण देतात. मार्केट यार्डात गुळाचा एकच रवा दहा वेळा काट्यावर चढवला आणि दहाही वेळा तेच वजन आले, तर काटा विश्वसनीय. पण तो दरवेळी किलोभर कमीच दाखवत असेल, तर तो खरे वजन सांगत नाही. असा काटा अधिक धोक्याचा, कारण त्याच्यावर विश्वास बसतो.

दुधाचे बिल कुणाच्या हातात?

या सगळ्या चर्चेला जीव आला तो एका फोनमुळे. आजऱ्याकडच्या एका विद्यार्थिनीने ‘दुग्धव्यवसाय आणि महिला’ असा विषय घेतला होता. तिच्या वडिलांचा फोन आला.

“सर, पोरीला गावभर फिरवायची काय गरज हाय? एखादं पुस्तक सांगा की. त्यात बघून घरातच लिहील.”

मी म्हटले, “अहो दादा, घरात बसून लिहिलेलं कुणीही लिहील. तिनं चार घरं पाहिली, तर तिला काहीतरी सापडेल.”

“तसं न्हवं सर. आमच्याकडं पोरीनं दारोदार हिंडायचं म्हंजे...” ते थांबले. मग म्हणाले, “तिची आई संगं गेली तर चालंल का?”

चालेल म्हणून सांगितले. पण मला त्या फोनने विचारात पाडले. त्या गाइडाचे आकर्षण नेमके इथे आहे. ते विद्यार्थ्याचे श्रम वाचवतेच, शिवाय घरातली काळजीही मिटवते. पुस्तक निवडताना आपण नकळत हे ठरवत असतो, की मुलगी उंबऱ्याच्या आत राहणार की बाहेर पडणार.

त्या मुलीची पहिली प्रश्नावली नेहमीसारखीच होती. ‘आपल्या कुटुंबात महिलांना आर्थिक निर्णयाचे स्वातंत्र्य आहे का? होय / नाही.’ पहिल्या सगळ्या घरांत ‘होय’ आले. मग शब्दरचनेचे ते पान तिच्याबरोबर वाचले आणि प्रश्न बदलले. दूध संस्थेचे बिल दहा दिवसांनी मिळते. तेव्हा प्रश्न असे झाले : मागच्या बिलाचे पैसे कुणी आणले? की ते खात्यावर जमा झाले? खाते कुणाच्या नावावर? त्या पैशातून पहिली वस्तू कोणती आली? ती आणायचे कुणी ठरवले? पेंडीचे पैसे कुणी दिले?

‘स्वातंत्र्य’ हा शब्दच गेला आणि बायका बोलू लागल्या. एकीच्या नावावर खाते होते, पण पासबुक दिराकडे. एकीचे खाते नवऱ्याच्या नावाचे, पण पैसे येऊन पडायचे तिच्या डब्यात. कागदावर एक आणि घरात दुसरे. आणखी एक गोष्ट मुलीने स्वतः टिपली. आई बरोबर असल्यामुळे अनोळखी घरांत दार लगेच उघडायचे. भावकीतल्या बायका मात्र आईसमोर हात राखून बोलायच्या. ‘अभ्यासाच्या मर्यादा’ या प्रकरणात मुले एरवी ‘वेळेअभावी’ एवढेच लिहितात. हिने हे लिहिले. मला विचाराल, तर त्या फायलीतले सर्वांत संशोधकी पान तेच होते.

आपल्या अंगणातले नमुने

डावांची नावे पाठ करून कुणी पैलवान होत नाही. तालमीत उतरावे लागते, आणि त्याआधी काठावर बसून चांगल्या मल्लाची कुस्ती पाहावी लागते. पद्धतीच्या पुस्तकात डावांची नावे असतात. प्रत्यक्ष कुस्ती पाहायची, तर कुणीतरी केलेली खरी पाहणी वाचायला हवी. आणि अशा पाहण्यांना आपल्याकडे तोटा नाही.

हॅरल्ड मॅन हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य. त्यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या खेड्याचा अभ्यास केला आणि १९१७ साली तो प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे किती झाले, कर्ज किती, शेतीच्या उत्पन्नावर कुटुंब भागते का, असे साधे प्रश्न. पण घरवार, शेतवार विचारलेले. आज त्या गावाच्या जागी उंच इमारती आहेत. ती माहिती तेव्हा कुणी टिपली नसती, तर ते गाव आपल्याला कळलेच नसते. इरावती कर्वे आणि जयंत रणदिवे यांनी फलटण आणि भोवतालच्या परिसराचा अभ्यास केला, तो १९६५ साली आला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा १९७१ चा ग्रंथ विद्यार्थ्याला एक मोठा धडा देतो : गरीब किती, हे मोजण्याआधी गरीब कुणाला म्हणायचे, ते ठरवावे लागते. त्यांनी रोजच्या २२५० उष्मांकांचा निकष घेतला. त्यावर पुढे वाद झाले. पण निकष उघड्यावर मांडला होता, म्हणूनच वाद घालता आला.

आणि खुद्द कोल्हापूर? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी तीन खंडांत प्रसिद्ध केली आहे. एन. व्ही. सोवनी यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. १९४८ साली पहिला खंड आला, तेव्हा कोल्हापूर संस्थान अजून विलीन व्हायचे होते. पहिला खंड लोकसंख्या आणि जननप्रमाण यांवर, दुसरा उद्योग, व्यापार आणि कामगार यांवर, तर १९५२ साली आलेला तिसरा कुटुंबातले राहणीमान आणि सामाजिक जीवन यांवर. म्हणजे आपल्या आजी-आजोबांच्या तरुणपणीचे हे शहर कुणीतरी रीतसर विचारपूस करून लिहून ठेवले आहे. प्रकल्पाची दिशा शोधणाऱ्या मुलाला याहून चांगली वाट कोणती? त्यातला एक छोटा मुद्दा घ्यावा आणि आपल्या पेठेत आज काय आहे, ते पाहावे.

शेजारच्या साताऱ्याचेही देणे आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, जन्म १९११ चा. पुढे ते राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक झाले. नमुना पाहणीच्या शास्त्रावरचा त्यांचा १९५४ चा ग्रंथ या विषयातला एक मानाचा ग्रंथ आहे. त्यांच्या कामातली एक गोष्ट कोणत्याही शेतकऱ्याला कळेल. पिकाचा उतारा काढायला शेतातला एक लहानसा तुकडा आखून कापतात. तुकडा फारच लहान घेतला, तर काठावरची रोपे ‘घ्यायची की सोडायची’ या संभ्रमात बहुधा घेतलीच जातात आणि उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. तुकडा मोठा घेतला, की काठाचा हा परिणाम कमी होतो. यात लबाडी कुणाचीच नसते. मोजण्याच्या रीतीतच चूक दडलेली असते. ही एक गोष्ट वर्गात सांगितली, की ‘नमुना दोष’ या शब्दाची वेगळी व्याख्या लिहून द्यावी लागत नाही.

उत्तर देणाऱ्याचा हक्क

आणखी एक कसोटी आमच्या यादीत उशिरा आली. पूर येऊन गेल्यावर एका गावात विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. एका आजींनी आम्हाला ओट्यावर बसवले, पाणी दिले आणि मग विचारले, “मागं बी अशीच पोरं आलती. समदं लिवून घिऊन गेली. परत कोण आलं न्हाई. त्याचं काय झालं?”

आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हते. पूर आला, की पाहणी करणाऱ्यांचाही पूर येतो. माणसे आपले मोडलेले घर दाखवतात, वाहून गेलेल्या जनावरांची नावे सांगतात, डोळे पुसतात. आणि आपण पुढच्या घराकडे वळतो. पुस्तकाने विद्यार्थ्याला सांगायला हवे, की कशासाठी विचारतो आहोत ते आधी सांगावे, नको म्हणणाऱ्याला आग्रह करू नये, नाव छापायचे नाही असे कबूल केले असेल तर ते पाळावे, आणि जमेल तर जे सापडले ते त्या लोकांना परत जाऊन सांगावे. यावर एक पानही नसलेली पुस्तके आम्हाला आढळली. सतरा प्रकारच्या आलेखांवर मात्र भरपूर पाने.

आम्ही काय ठरवले

एकच पुस्तक निवडायचा हट्ट आम्ही सोडला. तीस प्रतींचे पैसे वाटून घेतले. सांगाडा समजायला एक मराठी पुस्तक, त्याच्या प्रती सर्वांत जास्त. रणजित कुमार यांच्या थोड्या प्रती, इंग्रजीकडे वळणाऱ्यांसाठी. कोठारी यांचे पुस्तक वाणिज्य आणि अर्थशास्त्राच्या वरच्या वर्गांना, आकडेमोडीच्या वेळी हाताशी असावे म्हणून. मालशे यांचे छोटे पुस्तक प्रकल्प लिहायला बसण्याच्या आठवड्यात प्रत्येकाने वाचायचे. आणि एक फळी खऱ्या पाहण्यांची, ज्यात कोल्हापूरचे खंड मिळवण्याचे काम ग्रंथपालबाईंनी अंगावर घेतले. मराठी पुस्तकांतल्या शब्दांच्या घोळावर भूगोलाच्या सरांनी दोन पानी तक्ता केला : कोणत्या पुस्तकात कोणता शब्द कोणत्या अर्थाने. इंग्रजीचा आग्रह धरणाऱ्या सरांनीच तो केला, हे विशेष.

गाइड घेतले नाही. त्यामुळे ते विद्यार्थ्यांच्या दप्तरात गेले नाही, असे मात्र नाही. यंदाही काही फायली तशाच आल्या; आता तर मोबाईलवर दोन ओळी टाकल्या, की अख्खा प्रकल्प लिहून मिळतो. त्यावर उपाय म्हणून आम्ही तोंडी परीक्षेत एकच प्रश्न वाढवला : “तुला ज्या उत्तराचं आश्चर्य वाटलं, असं एक उत्तर सांग.” जो कुणाच्या दारात गेलेला असतो, त्याला हे सांगायला वेळ लागत नाही.

पालकांना एवढीच विनंती, की मुलाने ‘प्रकल्पाला पुस्तक हवे’ म्हटले, तर दुकानातून पहिले हाताला लागेल ते आणू नका. त्याला घेऊन ग्रंथालयात जा, ती तीन पाने उघडा आणि दोघे मिळून वाचा. तुम्ही स्वतः फारसे शिकलेले नसाल, तरी चालेल. बाजारात भाव काढताना, सोयरिकीची चौकशी करताना, म्हैस घेण्याआधी चार ठिकाणी विचारताना तुम्ही हेच करत आला आहात : कुणाला विचारायचे, कसे विचारायचे, कुणाच्या सांगण्यावर किती भरवसा ठेवायचा. त्या ज्ञानाला पुस्तकात वेगळी नावे आहेत, एवढेच. आणि मुलीने वही घेऊन बाहेर जायचे म्हटले, तर तिच्याबरोबर चार घरे जरूर चाला. पाचव्या घरी ती एकटी गेली, तरी चालण्यासारखे आहे.